पारवा धागा, सहावं दार

एखाद्याचे डोळे गेल्याची आवई उठली, की ती त्याला ऐकू येत नाही, दिसते. तारमास्तरांना ती पहिल्यांदा दिसली वाण्याच्या दुकानात. त्यांनी साबणाची वडी उचलली, तर वाणी गल्ला सोडून उठून आला आणि वडीवरचं नाव त्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागला. दुसऱ्यांदा ती दिसली भर रस्त्यात. एका धट्ट्याकट्ट्या तरुणानं येऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना जिथं जायचंच नव्हतं त्या पलीकडच्या फुटपाथवर नेऊन सोडलं. वर म्हणाला, "सावकाश हं, काका." तो नजरेआड होईपर्यंत तारमास्तर तिथंच उभे राहिले आणि मग मुकाट्यानं रस्ता ओलांडून परत आले.

डोळे त्यांचे ठणठणीत होते. जवळचं वाचायला चष्मा लागायचा, पण तो कुणाला लागत नाही?

जन्मभर भिंतींतून तारा ओढल्या म्हणून लोक त्यांना तारमास्तर म्हणायचे. पहाऱ्याचे कॅमेरे बसवण्याचा धंदा. दुकान दोघांचं, त्यांचं आणि साडूचं, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. तारमास्तरांनी तारेचं बघायचं, साडूनं गिऱ्हाइकाचं. साडू टाय लावायचा. शिडीवर चढायची वेळ आली की तो टायकडे बोट दाखवायचा, जणू त्याला त्या टायनंच खाली बांधून ठेवलं होतं.

हे सगळं बिनसलं ते शीतगृहाच्या कामावरून. गावाबाहेर मटार आणि मका गोठवून ठेवायची एक मोठी इमारत होती, सात दालनांची. तिथले कॅमेरे तारमास्तरांनीच बसवलेले, जुन्या पद्धतीचे, जाड काळ्या तारेचे. मालकीणबाईंना आता आपली दालनं घरबसल्या फोनवर बघायची होती. जो तो त्यांना सांगत होता, जुनं सगळं उपटून टाका, नव्या तारा घाला. पण दालनांच्या भिंतींत गारवा धरून ठेवणारा हातभर जाड थर. त्याला नवी भोकं पाडायची म्हणजे थंडीला पळवाट करून द्यायची.

तारमास्तरांनी हे मनावर घेतलं. घरच्या जेवणाच्या टेबलावर शेगडीकडे तोंड करून एक जुना कॅमेरा मांडला, त्याची काळी तार एका लहानशा डब्यात खोचली आणि डबा नेटवर्कला जोडला. "जुना कॅमेरा बोलतो एक भाषा, नेटवर्कला कळते दुसरी," त्यांनी बायकोला समजावलं. "हा डबा मधला दुभाषी. कॅमेरा तोच, तार तीच, भिंतीला धक्का नाही." बायको फोन घेऊन गॅलरीत गेली. थोडा वेळ काहीच नाही. मग तिकडून किंकाळी आली, "अगं बाई, दूध उतू जातंय!" आणि ती धावत स्वयंपाकघरात आली. तारमास्तरांना आयुष्यात मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद.

त्या दिवशी साडू जेवायला होता. त्यानं डबा उलटासुलटा करून पाहिला, वाहवा केली, दोनदा आमटी मागून घेतली. आणि पुढं काही दिवसांनी कळलं, की शीतगृहाचं काम त्यानं एकट्यानं, एकट्याच्या नावावर घेतलंय. युक्तीही त्याचीच ठरली होती. मालकीणबाईंना त्यानं खालच्या आवाजात सांगितलं होतं, "साडूभाऊंचे डोळे गेले हो. सांगत नाहीत कुणाला. तुम्हीही विषय काढू नका, मनाला लावून घेतात."

कॅमेरेवाल्याचे डोळे गेले म्हटल्यावर आणखी काय सांगायला हवं! शत्रुत्वानं सांगितलं असतं तर लोकांनी शंका तरी घेतली असती. कळवळ्यानं सांगितलं, म्हणून गावभर झालं.

तारमास्तर दुकानात गेले तेव्हा पाटी बदलली होती.

"माझे डोळे गेले, हे मला कधी कळवणार होतास?"

साडू हसला. "साडूभाऊ, बसा आधी. धंद्यात असं बोलावं लागतं. तुमचं वय झालं, आता आराम करा. तुमच्या भल्याचंच केलं मी."

"मग एक काठीही घेऊन द्यायचीस. पांढरी."

"हे बघा, अक्कल तुमची, मला मान्य. पण अक्कल खपवायला जीभ लागते, ती देवानं माझ्या तोंडात घातली. त्याला मी काय करू?"

तारमास्तरांना उत्तर सुचलं ते घरी पोचल्यावर. त्यांचं नेहमी असंच व्हायचं. बायको म्हणाली, "सोडून द्या. माझी बहीण आहे तिकडे."

"बहीण तुझी आहे," ते म्हणाले. "साप माझ्या वाट्याला आलाय."

पण सोडलं नाही त्यांनी. शांत माणसाचा राग शेगडीतल्या राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. वरून हात लावला तर कोमट, फुंकर मारली की लाल. जेवताना, अंघोळ करताना, पेपर वाचताना ते साडूचं वाटोळं कसं करता येईल याचाच विचार करायचे. अंगात हाणामारीचं बळ नव्हतं, तोंडात शिव्या नव्हत्या. हातात होती ती फक्त कला. आणि मग एकदा त्यांना धागे आठवले.

या धंद्यात एक नेहमीची रीत असते. सगळ्या तारा एका खोलीत येतात, तिथं त्या सारख्याच काळ्या दिसतात. कुठली तार कुठल्या कॅमेऱ्याची, हे कळावं म्हणून एक जण कॅमेऱ्याखाली उभा राहून हात हलवतो आणि दुसरा पडद्यासमोर बसून ओरडतो, "दिसला! हा तीन नंबर!" यांच्या दुकानात मात्र हात कधीच हलवले जात नसत. तारमास्तरांची बायको शिवणकाम करायची. तार भिंतीत जाण्याआधीच तिच्या दोन्ही टोकांना ती रंगीत धाग्याचे घट्ट वेढे घालून द्यायची. रंग इंद्रधनुष्याच्या क्रमानं, शाळेतल्या 'तानापिहिनिपाजा'प्रमाणं. तांबडा म्हणजे एक, नारंगी दोन, आणि असं करत पारवा सहा, जांभळा सात. साडूही हेच शिकला होता. धागा बघायचा, नंबर घालायचा. थंडगार दालनात उभं राहून हात हलवायची गरज काय?

साडू कामाला लागायच्या आदल्या सकाळी तारमास्तर आपली शिडी आणायच्या निमित्तानं शीतगृहात गेले. फाटकावरच्या वॉचमननं त्यांचा हात धरला. "पायरी आहे हं, साहेब. आता दुसरी." उरलीसुरली दयामाया त्या दुसऱ्या पायरीवर संपली.

तारांच्या खोलीत ते एकटेच होते. फाटकाची किंवा कचेरीची तार बदलली असती तर चित्र बघताच कळलं असतं. परक्याला दालनं मात्र सातही सारखी. तीच पांढरी भिंत, त्याच खोक्यांच्या थप्प्या. त्यांनी दोनचा नारंगी धागा सोडवला, सहाचा पारवा सोडवला आणि एकमेकांच्या जागी गुंडाळला. बायकोसारखेच घट्ट वेढे, गाठ आत दडवलेली. दोनमध्ये मटार होते, सहामध्ये मका. मालकीणबाई पहिल्यांदा फोन उघडतील, मटाराच्या जागी मका बघतील आणि सगळ्यांच्या देखत साडूला विचारतील, "डोळे फुटले का तुमचे?" एवढं एकच वाक्य तारमास्तरांना त्या बाईंच्या तोंडून हवं होतं. शिडी खांद्यावर टाकून ते निघाले तेव्हा शीळ घालत होते.

झालं उलटंच. मटार आणि मका एकाच रंगाच्या खोक्यांत भरलेले होते. हंगाम संपून दालनं बंद झाली होती, आत माणसांची ये-जा नव्हती. मालकीणबाईंनी फोनवर सात पांढऱ्या खोल्या पाहिल्या आणि साडूची पाठ थोपटली. मेहुणी कौतुकानं ताईला सांगायला आली, की मालकीणबाई आता यांची शिफारस सगळीकडे करताहेत. तारमास्तर आत पलंगावर पडून ऐकत होते. रोज ते फोनकडे बघायचे. रोज तो गप्प असायचा. सापळा लावावा आणि उंदरानं त्यावर बसून निवांत खोबरं खावं, तसं झालं.

तो फोन वाजला एका दुपारी. बायको मशीनवर बसली होती. तारमास्तर पेपरमधलं शब्दकोडं सोडवत होते.

"तारमास्तर का? मी शीतगृहातून वॉचमन. तारांच्या जुन्या पेटीवर तुमचा नंबर चिकटवलेला आहे म्हणून लावला. चित्र अडकलंय हो आमचं."

"तुमचं चित्र आता दुसरे बघतात. त्यांना विचार."

"त्यांचाच फोन लागत नाही. आणि चित्रात तेच आहेत, ही गंमत." वॉचमन खुसखुसला. "मी दुपारच्या पाळीचा. सकाळचा गडी म्हणाला, सहा नंबरचा कॅमेरा धूसर दिसतो म्हणून साहेब पुसायला आले होते, चावी घेतली, पुसून गेले असतील. आता बघतो तर पडद्यावर साहेब दोन नंबरात! मी पळत गेलो, दोनचं कुलूप काढलं, आत चिटपाखरू नाही. परत येऊन बघतो, तर साहेब आहेतच. म्हणजे सकाळचं चित्र अडकलं ना?"

तारमास्तरांच्या हातातली पेन्सिल थांबली.

दोन नंबर म्हणून पडद्यावर जे दिसत होतं, ते सहा होतं. धूसर झाला होता खऱ्या दोनचा कॅमेरा. पडद्यानं त्याला सहा म्हटलं आणि साडू चांगल्या कॅमेऱ्याची काच पुसायला सहाव्या दालनात शिरला. मागं ते जाडजूड दार आपल्या वजनानं लागलं असणार. आतून उघडायचा दांडा होता, पण इतके दिवस बंद दालनात त्यावर बर्फ चढल्याशिवाय राहत नाही. आणि लोखंडी पत्र्यातून फोन जात नाही. हे जगात फक्त एका माणसाला कळलं होतं, आणि तो माणूस शब्दकोडं सोडवत होता.

"काय करतोय तो?" त्यांनी विचारलं. स्वतःचाच आवाज त्यांना गोड वाटला.

"हात हलवतायत. कॅमेऱ्याकडे बघून. टाटा करतात तसे."

"नीट दिसतंय ना तुला? डोळे बरे आहेत ना?"

"माझे? झकास आहेत."

"तोंड कसं दिसतंय?"

"रडकं हो. पोराला शाळेत सोडल्यावर होतं तसं."

तारमास्तर खुर्चीत मागं टेकले. किती दिवसांची भूक होती ती! त्या हलणाऱ्या हातांचा एकेक हेलकावा त्यांनी मनातल्या मनात चाटूनपुसून खाल्ला. हलव. अजून हलव. धंद्यात कधी हलवला नाहीस, आता हलव. जीभ देवानं तुझ्या तोंडात घातली ना? मग बोलव तिला.

"हॅलो? तारमास्तर? पेटी बंद करून चालू करू का?"

ते बोलले नाहीत.

"हॅलो? टाय बघा कसा बांधलाय साहेबांनी, हॅ हॅ! डोक्याला. कानांवरून फेटा केलाय. हॅलो?"

मशीन थांबलं. बायको त्यांच्याकडे बघत होती. नवऱ्याच्या तोंडावर असलं हसू तिनं इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं आणि तिला ते आवडलं नाही. "कुणाचा आहे?" तिनं विचारलं.

कानांवरून बांधलेला टाय तारमास्तरांना आता दिसत होता. न मागता, न पुसता, अगदी जवळून. तो नजरेसमोरून हटवावा म्हणून त्यांनी खूप प्रयत्न केला. पण म्हटलं ना, डोळे त्यांचे ठणठणीत होते.

"चित्र अडकलेलं नाही," ते म्हणाले. "माणूस अडकलाय. सहा नंबर उघड. पळ! दांडा अडला तर कुऱ्हाड घाल. पळ म्हणतो ना!"

फोन खाली ठेवला तेव्हा बायको उठून उभी राहिली होती.

"कोण अडकलंय?"

"तुझ्या बहिणीचा नवरा."

"पण फोनवरचा माणूस तर ओरडून म्हणत होता, पडद्यावर दोन दिसतंय. तेवढं मला ऐकू आलं. मग सहा कसं?" ती मधेच थांबली. "पारवा धागा मी स्वतः गुंडाळला होता."

"मी सोडला," तारमास्तर म्हणाले.

तिनं पायात चपला घातल्या, शेगडीवरची किटली थर्मासमध्ये ओतली आणि पुढं चालू लागली.

शीतगृहाच्या धक्क्यावर, जिथं मालाच्या गाड्या लागतात तिथं, उन्हात एका खोक्यावर साडू बसला होता. अंगावर वॉचमनचं ब्लँकेट, मालकीणबाईंची शाल, वर एक पोतं. ओठ निळे. दातांचा आवाज चार पावलांवरून ऐकू येत होता. टाय अजून डोक्यालाच होता. सोडवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मेहुणी समोर उकिडवी बसून त्याची बोटं चोळत होती आणि रडत होती. डॉक्टर नुकतेच बघून गेले होते. बोटं वाचतील, म्हणाले, पण थोडा उशीर झाला असता तर बोटांचा प्रश्नच उरला नसता.

मालकीणबाई तारमास्तरांकडे वळल्या. "देवासारखे धावलात हो. पण मला एक सांगा, तुम्हाला घरबसल्या कसं कळलं, की सहा?"

साडूनं मान वर केली. एवढ्या वेळात त्याचं डोकं गोठलं नव्हतं. दोन आणि सहा, धूसर काच, पुसलेली काच, सगळं त्यानं आत, त्या पांढऱ्या अंधारात, जोडून पाहिलेलं होतं.

"अनु... अनुभव," तो दातांतून म्हणाला. "अनुभव आहे साडूभाऊंचा. अंदाज बांधला त्यांनी." आणि त्यानं तारमास्तरांकडे पाहिलं. त्या नजरेत उपकार नव्हते. त्या नजरेत सौदा होता. तू गप्प, मी गप्प. "उद्यापासून दुकानात या परत," तो म्हणाला. "दोघं मिळून बघू इथलं."

तारमास्तरांना सौदा लख्ख दिसला. एक होकार दिला की दुकान परत, मान परत, मालकीणबाईंच्या तोंडी देवाची उपमा. आणि जन्मभर या माणसाच्या खिशात राहायचं. त्यानं कधीही बाहेर काढावं, दाखवावं, पुन्हा आत ठेवावं. नाक कापून घेऊन शेजाऱ्याला अपशकुन करणाऱ्या माणसाला लोक मूर्ख म्हणतात. तारमास्तरांनी आपल्या नाकाचा विचार केला. म्हातारं नाक, त्याचं आता करायचं काय?

"अंदाज नाही," ते म्हणाले. "दोनचा आणि सहाचा धागा मी बदलला. मुद्दाम. ह्याची तुमच्यासमोर फजिती व्हावी म्हणून. जीव जावा असं मनात नव्हतं; पण फोनवर ऐकत बसलो मी, ते मनातलंच होतं. आणि ह्यानं काम हातात घेतल्यावर एकदा, फक्त एकदा, कॅमेऱ्याखाली माणूस उभा करून खात्री केली असती, तर माझी लबाडी पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. केली नाही. तुमच्या फोनवर आजपर्यंत दोन खोल्या चुकीच्या दिसतायत."

वॉचमन स्वतःचे बूट बघत होता.

"आणि डोळ्यांचं म्हणाल," म्हणत तारमास्तरांनी दूर फाटकात उभ्या असलेल्या ट्रकचा नंबर अक्षरांसकट वाचून दाखवला. "हेही ह्याचंच पाप."

मालकीणबाईंनी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "म्हणजे एकाला दिसत असून दाखवायचं नव्हतं, आणि दुसऱ्याला बघायचंच नव्हतं. माझ्या सात दालनांच्या किल्ल्या मी अशा दोघांच्या हातात दिल्या. ब्लँकेट अंगावर राहू द्या. पण या फाटकाच्या आत पुन्हा दोघांपैकी कुणी दिसायचं नाही. आणि मी ओळखते ते सगळे लोक माझं ऐकतात, हे लक्षात असू द्या."

त्या आत गेल्या. त्यांच्या शिफारशीवर उभा राहणारा साडूचा धंदा त्यांच्यामागून आत गेला आणि दार लागलं.

"वाटोळं केलंत," साडू म्हणाला. दात वाजत असताना शिवी नीट देता येत नाही, तरी त्यानं एक दिली.

"केलं," तारमास्तर म्हणाले. छातीतला निखारा अजून होता तसाच होता. तो विझेल अशी त्यांची कल्पना होती.

"भाऊजी," मेहुणी म्हणाली, "मेला असता तो."

"हो."

याहून जास्त त्यांना काही सुचलं नाही, आणि घरी पोचल्यावरही सुचलं नसतं.

बायकोनं थर्मासचं झाकण उघडून त्यात चहा ओतला आणि साडूपुढं धरला. त्याची बोटं वळेनात. झाकण हातातून निसटायला लागलं. तिनं ते काढून नवऱ्याच्या हातात दिलं. घरून निघाल्यापासून ती पहिल्यांदाच बोलली.

"धरा त्याच्या तोंडाशी."

तारमास्तर खाली वाकले. साडूनं झाकणाच्या काठावरून त्यांच्याकडे असं पाहिलं, की नजरेनं माणूस मरत असता तर तारमास्तर तिथंच आडवे झाले असते. पण थंडी त्याच्याहून मोठी होती. त्यानं तोंड पुढं केलं, एक घोट घेतला आणि चेहरा वेडावाकडा केला.

"कढत आहे," तो गुरगुरला.

"असू दे," तारमास्तर म्हणाले, आणि त्यांनी झाकण खाली घेतलं नाही.